बसून वाजवायची सनई

चिंचखेड्यात सनईचा आवाज आला की माणसं एकच विचारत, लग्न कोणाचं? सनई म्हणजे लग्न हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की दुसरं काही सुचायचंच नाही. आणि त्यांची चूक तरी काय? चांद्याकडच्या मूल गावाच्या आसपासच्या खेड्यांत इसरू वाजंत्र्याची सनई लग्नावाचून कधी घराबाहेर पडलीच नव्हती. म्हणून सत्तावन्न सालच्या आषाढात गुणवंतबाबूंनी त्याला धानगिरणीत बोलावून "रविवारी सनई घेऊन या" म्हटलं, तेव्हा त्यानंही तेच विचारलं.

"लगन कोनाचं हाय जी?"

"लग्न नाही, इसरूभाऊ."

"मंग?"

"नुसतं वाजवायचं. सगळ्यांनी मिळून."

 हा गुणवंतबाबू गिरणीचा दिवाणजी. माणूस नागपूरचा, अंगानं काडी, पण जिद्दीला भारी. येताना त्यानं एक व्हायोलिन आणलं होतं आणि संध्याकाळी तो ते एकटाच घाशीत बसायचा. नागपुरात त्यानं कधीतरी वीस-पंचवीस माणसं एकत्र बसून वाजवताना ऐकली होती. तेव्हापासून ते खूळ डोक्यातून उतरलं नव्हतं. गावात सनई आहे, डफडं आहे, भजनातला मृदंग आहे, दंडारीच्या खेळातली ढोलकी आहे, पलीकडे मोहटोल्यात गोंडांचे लांबट ढोल, मांदरी आहेत. मग ही सगळी आपापल्या अंगणात वेगवेगळी का वाजतात, असा त्याचा प्रश्न होता. पावसाळ्यात गिरणी बंद, नवं धान येईतो गोदाम रिकामं, आणि मालक राहत चांद्याला. तेव्हा जागेचाही प्रश्न नव्हता.

"आन भेटन काय?" इसरूनं विचारलं. विचारणं भागच होतं.

"चहा," गुणवंतबाबू म्हणाले. "आणि ऐकायला लोक. दिवाळीनंतर गावची मंडई भरते ना, जत्रेसारखी, तिथं मंचावर बसून वाजवू. लोक समोर बसतील आणि ऐकतील."

बाकीचं सगळं इसरू विसरला असता, पण हे शेवटचं वाक्य त्याच्या काळजात जाऊन बसलं. वीस वर्षं तो लोकांच्या दारात वाजवत आला होता. लोक जेवत, भांडत, मानपान काढत, आणि सनई बाहेर मांडवाच्या खांबाशी उभी राहून वाजत राही. बंद पडली तरच लोकांना ती आठवायची. तिच्यासमोर बसून ती ऐकावी असं कोणाच्या मनात आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर इसरूच्याही नाही. पण आता आलं, आणि आलं ते थेट सोनीबाईच्या नावानं.

सोनीबाई म्हणजे त्याची बायको. पंचक्रोशीत सगळ्यांच्या लग्नात सनई वाजली, एकट्या सोनीबाईच्या लग्नात वाजली नाही. त्या साली मुहूर्त एवढे दाट होते की आसपासच्या सगळ्या सनया आधीच ठरलेल्या होत्या. इसरूचा बाप दम्यानं आडवा पडलेला. राहिला एकटा इसरू, आणि तोच नवरदेव. वरात निघाली तेव्हा त्याला ती शांतता सोसवेना, म्हणून त्यानं बापाची सनई मागून घेतली आणि तोंडाला लावली. तेवढ्यात मामानं ती हिसकावली. नवरदेव कुठी सोताच वाजवते काय, लोक हासतीन, म्हणाला. मग नुसतं डफडं वाजवत वरात गेली. सोनीबाईच्या माहेरच्या पोरी तिला पुढे कितीतरी वर्षं 'मुकी नवरी' म्हणायच्या. ती रागवायची नाही. पण दर कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं आणि इसरू अंगणात सनई वाजवायला लागला की ती हळद वाहता वाहता म्हणायची, "पाहा बाप्पा, या तुळशीलेही सनई भेटली."

ती हसत म्हणायची, इसरूही हसायचा. पण दर वेळी त्याला आत कुठेतरी बोचायचं. शिवाय वाजंत्र्यांच्या बायका लग्नांना सोबत जात नाहीत, त्यामुळे चार माणसांत नवरा कसा वाजवतो हेही तिनं कधी पाहिलं नव्हतं. मंडईत सोनीबाई पुढे बसेल, आपण मंचावर बसू, आणि ती ऐकेल. बस, एवढंच त्याला पाहिजे होतं.

पहिल्या रविवारी गोदामात सतरंजी अंथरलेली होती. इसरू सनई आणि त्याचा भाऊ झिंगू डफडं घेऊन आले आणि सवयीनं दाराशी उभे राहिले. त्यांच्या बापानं गावातल्या कोणाच्या सतरंजीवर कधी पाय ठेवला नव्हता, आणि यांनीही नाही. आत भजनी मंडळाचा सोमाजी मृदंग मांडीवर घेऊन ऐसपैस बसला होता.  सोमाजीनं एकदा गुणवंतबाबूंकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि मग मृदंगासकट हातभर सरकला.

"ये न इसरू. उभा काऊन? बाबूजीचा चहा थंडा होऊन राह्यला," तो म्हणाला.

इसरू बसला. सतरंजीच्या काठावरच, पण बसला.

आता गंमत अशी, की त्या गोदामात जमलेल्या प्रत्येकाला वाजवता येत होतं, पण एकत्र वाजवणं कोणालाच ठाऊक नव्हतं. सोमाजी भजनातला. भजन सुरू होतं चालत आणि संपतं धावत, तेव्हा त्याचा मृदंग दुसऱ्या फेरीलाच सुटायचा तो कोणाच्या बापाला आवरायचा नाही. मोहटोल्याहून पत्रू मांदरी घेऊन आला होता. तो हात वर करून नुसताच थांबला. गुणवंतबाबूंनी दोनदा मान हलवली, तीनदा हलवली, तरी हात खाली येईना.

"वाजवा ना, पत्रूभाऊ."

"नाचते कोन?" पत्रू म्हणाला. त्याच्या टोल्यात, म्हणजे पाड्यावर, पाय पडल्याशिवाय हात पडत नाही. नाचणारा नसेल तर ढोल कोणासाठी वाजवायचा, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं. शेवटी बाहेर सावलीत बसलेली त्याची बायको बुधरी लुगडं खोचून आत आली, तिनं जमिनीवर पहिला पाय टाकला आणि मांदरी घुमली. पुढे सगळे रविवार बुधरी येत राहिली. वाद्यवृंदात नाचणारी बाई नसते, हे गुणवंतबाबूंना माहीत होतं, पण त्यांनी ते स्वतःपाशीच ठेवलं.

खरा घोटाळा घातला इसरूनं. बाबूजींनी इशारा केला, त्यानं सनई तोंडाला लावली आणि डोळे मिटले. पहिली ओळ छान झाली, दुसरीही. तिसऱ्या ओळीला त्याच्या पायांना वाटलं, आता निघायला पाहिजे. तो उठला आणि वाजवत वाजवत दाराबाहेर पडला. झिंगू अर्थातच मागोमाग. आणि सनई पुढे चालली म्हटल्यावर चिंचखेड्यातला कोणता माणूस बसून राहणार? जन्मभर सगळे सनईच्या मागेच चालत आले होते. सोमाजी मृदंग गळ्यात अडकवून उठला, टाळकरी उठले, ढोलकी उठली. बुधरी नाचत निघाली म्हणून पत्रूही निघाला. चिखल तुडवत ती सगळी पलटण सरळ मारुतीच्या देवळाकडे लागली, कारण वरात तिकडेच जाते. गोदामात राहिले एकटे गुणवंतबाबू. ते व्हायोलिन सावरत, धोतराचा सोगा धरत मागून धावले.

गावात जिकडेतिकडे दारं उघडली. अवेळी लग्न कोणाचं म्हणून बाया ओट्यावर आल्या. म्हातारी रुखमाबाई, जिला जवळचं धड दिसत नव्हतं आणि दूरचं मुळीच नाही, ती आरतीचं ताट घेऊनच आली. वाजंत्री गेले, टाळकरी गेले, सर्वांत शेवटी धोतर सावरत घामाघूम झालेला एक माणूस आला. हाच नवरदेव असणार, असं तिनं ठरवलं.

"कोनाचा पोरगा हाय बाप्पा? लय वाळला," म्हणत तिनं गुणवंतबाबूंच्या कपाळावर कुंकवाचा हा एवढा टिळा लावला.

देवळाशी पोहोचल्यावर इसरूनं डोळे उघडले. समोर मारुती, मागे सगळं गाव, आणि मध्ये टिळा लावलेले बाबूजी. झाला प्रकार कळायला त्याला थोडा वेळ लागला. कळला तेव्हा सगळे पोट धरधरून हसत होते, आणि बाबूजी सगळ्यांत जास्त.

पण दर रविवारी तेच होऊ लागलं, तेव्हा हसू कमी झालं. इसरू बसायचा, वाजवायचा, तिसऱ्या ओळीला उठायचा. तो उठला की सगळे उठायचे. झिंगूनं एकदा त्याचे पाय दुपट्ट्यानं जोत्याच्या खांबाला बांधले, तर तो उठताना तोंडावर आपटला आणि सनईची पत्ती मोडली. एकदा त्याला मांडीपर्यंत कोंड्याच्या ढिगात बसवलं. तो कोंड्यातून चालत निघाला आणि नंतर सगळे शिंकत बसले.

इकडे मंडळी वाढत होती. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांध्यांमध्ये चिखलात उभ्या असलेल्या बाया गोदामातली चाल ऐकून तीच गुणगुणायला लागल्या. शिंपी बुलबुलतरंग घेऊन आला. पत्रूच्या मागून टोल्यातले आणखी चौघे आले, आणि त्यांच्याबरोबर नाचायला त्यांच्या बायकाही. पलटणीतून घरी आलेला दादाजी बिगुल घेऊन आला. त्याला बिगुलावर जेवणाचा इशारा तेवढा यायचा, म्हणून तो त्यांनी शेवटाला ठेवला. सोमाजीच्या डाव्या बाजूला बुधरीला नाचायला लावून, तिच्या पायांकडे बघूनच वाजवायचं, असं बाबूजींनी त्याला बजावलं, तेव्हापासून त्याचा मृदंगही धावायचा थांबला. सगळं बसत चाललं होतं. बसत नव्हता तो इसरू.

पोळा झाला, दसरा झाला. मंडईचा मंच म्हणजे शेजारी शेजारी लावलेल्या बैलगाड्या आणि त्यांवर टाकलेल्या फळ्या. एके रविवारी सोमाजीनं विषय काढला. वाईट मनानं नाही, पण काढला.

"बाबूजी, इसरू गाड्यावरून चालत निंगाला तर आपुन समदेच त्याच्या मांगं खाली पडू. हातपाय मोडतीन लोकायचे. यंदा सनई रायू द्या."

 बाबूजींनी त्याला नाही म्हटलं नाही, एवढं इसरूला दिसलं. तो सनई फडक्यात गुंडाळून घरी आला आणि न जेवता ओट्यावर बसून राहिला. त्याला रडूच येत होतं. वीस वर्षांनी एक जागा मिळाली होती बसायची, आणि स्वतःचेच पाय ऐकत नव्हते.

सोनीबाई जात्यावर डाळीसाठी लाखोळी भरडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. जात्यावरचा हात काही तिनं थांबवला नाही.

"तुमी माणसं चालून वाजवता," ती म्हणाली. "आमी बाया बसून गातो. आमचे पाय कुठी जातेत?"

"तुले कायची सवय, मले कायची."

"सवय नाई जी. माह्यं जातं फिरते, म्हणून मी नाई फिरत. तुमच्याजवळ फिरायले काईच नाई, म्हणून तुमी सोता फिरता." तिनं खाली पसरलेली डाळ गोळा करून बाजूला सारली. "बसा इथी. माह्यासमोर. काढा सनई."

इसरू जात्याच्या पलीकडे बसला. सोनीबाई गाऊ लागली. दररोज पहाटे तो अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत आला होता तीच चाल, आणि ती वाजवावी असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. त्यानं ती सनईवर धरली. जातं घरघरत फिरत होतं, तिचा हात त्याच्यासमोरून जात होता आणि परत येत होता. तिसरी ओळ आली. पाय शिवशिवले. जात्याचा खुंटा फिरून समोर आला आणि पाय थांबले. चौथी ओळ झाली, पाचवी झाली. लाखोळी संपली तरी सोनीबाई रिकामं जातं फिरवत राहिली.

"दगडावर दगड घासून जात्याची टाकी खराब होऊन राह्यली," इसरू शेवटी म्हणाला.

"होऊ द्या," ती म्हणाली.

त्यानंतर त्या घरात एवढं दळण झालं की शेजारपाजारच्या बाया आपापली डाळ घेऊन यायला लागल्या आणि इसरूला फर्माइशी करायला लागल्या. पुढच्या रविवारी सोनीबाई आणि झिंगूनं जातं बैलबंडीत घालून गोदामात आणलं. इसरू जात्यासमोर शेवटपर्यंत बसून वाजवत राहिला, तेव्हा सोमाजीनं हात जोडले. सनई राहिली. एवढंच नाही, तर मंडईत सगळ्यांनी मिळून वाजवायची ती जात्यावरचीच चाल, असं बाबूजींनी ठरवून टाकलं. व्हायोलिनवर ती अशी काही उतरली की सोनीबाई पदरात तोंड घालून बसली.

मंडईच्या दिवशी चिंचखेड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊबीजेच्या माहेरवाशिणी होत्या, जावई होते, दूरदूरच्या गावांतून बंड्या आल्या होत्या. दुपारी उन्हं जरा कलल्यावर मंडळी मंचावर चढून बसली. सतरंजी तीच, पण इसरू या वेळी काठावर नव्हता, सोमाजीच्या बाजूला मधोमध होता. चढवताना जात्याचा मात्र विचार कोणी केला नव्हता. दोघांनी ते उचलून फळीवर ठेवलं, फळी करकरली, गाड्या हलल्या, आणि सोमाजीनं घाईघाईनं ते खाली उतरवायला लावलं. आता इसरूसमोर फिरणारं काहीच उरलं नव्हतं.

बाबूजींनी मान हलवली. बुधरीनं पाय टाकला, मांदरी घुमल्या, आणि सनई सुरू झाली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. गर्दी शांत होत गेली. एवढी माणसं गप्प बसून आपल्याकडे बघताहेत, हे इसरूनं जन्मात पाहिलं नव्हतं. ते बघून त्याच्या पायांनी उचल खाल्ली. तिसरी ओळ आली, गुडघा वर झाला. बाजूला सोमाजीनं डोळे मिटून मारुतीचं नाव घेतलं.

इसरूनं बायांच्या घोळक्यात पाहिलं. सोनीबाई पुढेच बसली होती, रुखमाबाईच्या शेजारी. तिची नजर त्याच्या गुडघ्यावर होती. ती जरा पुढे झुकली आणि समोरच्या मोकळ्या जमिनीवर तिनं मूठ ठेवली. जणू खुंटा धरावा तशी. मग ती मूठ सावकाश फिरू लागली. लोक बघताहेत की नाही याची तिनं फिकीर केली नाही. इसरूचा गुडघा खाली आला. त्यानं तिच्या हातावरची नजर काढली नाही, आणि सनई चौथ्या ओळीवर गेली, पाचव्यावर गेली, शेवटापर्यंत गेली. तो बसून होता. शेवटी दादाजीनं बिगुलावर जेवणाचा इशारा दिला आणि वाजवणं संपलं.

समोर सगळे चिडीचूप. एवढं चांगलं झालं, पण पुढे काय करायचं असतं हे गर्दीला ठाऊक नव्हतं. सनई झाली, आता लग्न लागायला पाहिजे, म्हणून लोक वाट बघत बसले होते. मागून कोणीतरी विचारलंच, "नवरदेव कुठी हाय जी?"

इसरू उभा राहिला.

"इसरूभाऊ, बसा," गुणवंतबाबू घाबरून कुजबुजले.

"बसलो होतो न जी, बाबूजी," इसरू म्हणाला. "आता माह्या मनानं चालतो."

त्यानं सनई तोंडाला लावली आणि वरातीची चाल धरली. मंचाच्या बाजूला लावलेल्या शिडीवरून तो एकेक पायरी बघत नीट उतरला. झिंगूला काही सांगावं लागलं नाही, डफडं मागोमाग उतरलं. सोमाजीनं मृदंग गळ्यात घातला आणि इतक्या महिन्यांचा साठलेला वेग मोकळा सोडला. मांदरी उतरल्या, टाळ उतरले, बुलबुलतरंग डोक्यावर घेऊन शिंपी उतरला. इसरू या वेळी देवळाकडे वळला नाही. तो गर्दीतून वाट काढत सरळ बायांच्या घोळक्यात गेला आणि सोनीबाईसमोर जाऊन थांबला. सनई मात्र थांबली नाही.

सोनीबाईला आधी कळेना. मग कळलं. तिनं पदर तोंडावर ओढला आणि मान खाली घातली. ती हसत होती की रडत होती हे बाजूच्यांना सांगता आलं नसतं, कारण ती दोन्ही करत होती. बुधरी नाचत आली आणि तिनं तिला हाताला धरून उठवलं. बायांनी मागून लोटलं. आता सनई पुढे, सोनीबाई तिच्या बाजूला, आणि मागे सगळी मंडई, अशी वरात मारुतीकडे निघाली. सर्वांत शेवटी व्हायोलिन वाजवत गुणवंतबाबू येत होते. या खेपेला त्यांनी धोतराचा काचा आधीच घट्ट मारून ठेवला होता.

पोरींच्या हाताला धरून वरातीआधीच आलेली रुखमाबाई देवळाच्या पायरीशी ताट घेऊन वाट अडवून उभी राहिली. मागे एकदा फसली होती, म्हणून आता ती सावध होती.

"नवरी तर हे सोनी हाय, मले समजलं," ती म्हणाली. "नवरदेव कोन हाय? नीट सांगा व बाई."

सोनीबाईनं पदर मागे सारला.

"सनई वाजवून राह्यला न, तोच," ती म्हणाली.

रुखमाबाईनं चाचपडत इसरूचं कपाळ शोधलं आणि कुंकू लावलं. इसरूला वाकून नमस्कार करता आला नाही, गाल फुगलेले होते आणि चाल अजून संपायची होती.